हंडा निघाला म्हणतात

आमच्याकडे कुणाचं कौलारू घर एकदम दुमजली झालं, की लोक आधी म्हणतात, "हंडा मिळाला असेल." मुलगा आखातात गेला, विड्याच्या पानाला दोन वर्षं चांगला भाव मिळाला, पड्याळची जागा बिल्डरला दिली, ही कारणं मागाहून येतात. पहिला मान हंड्याचा.

वसईच्या पट्ट्यात निर्मळ, गास, सोपारा, बोळींज, आगाशी, कुठेही जा, जुन्या वाडीत एक तरी हंड्याची गोष्ट असतेच. अमावास्येला हंडा बावखलात उतरतो. (बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. हे आता सांगावं लागतं, कारण निम्मी बावखलं बुजवली.) साखळीचा खळखळ आवाज येतो. नाग राखण करतो. आणि ज्याच्या नशिबात ते धन नाही त्याने हंडा उघडला, तर आत कोळसे दिसतात. आजी हे इतकं खात्रीने सांगायची की तिने स्वतःच झाकण उघडलं असावं असं वाटे.

त्या कोळशांचा मी बराच विचार केलाय. चांदी शेकडो वर्षं मातीत पडली की काळी पडते, नाणी एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. कंदिलाच्या उजेडात असा गोळा बघितलेल्या माणसाला कोळसाच दिसणार. कितीतरी चांदी "आपल्या नशिबात नाही" म्हणून परत मातीत ढकलली गेली असेल. हा माझा तर्क आहे, कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

आमच्या स्वतःच्या वाडीत धन निघालं ते चार पैशांचं. अक्षरशः चार पैसे. १९८३ साली बांधाकडेला माडाचं आळं खणताना कुदळीला हिरवट चकत्या लागल्या. हाताने ठोकलेल्या, वेड्यावाकड्या, बोटाच्या पेराएवढ्या. आईने त्या देव्हाऱ्यात ठेवल्या आणि दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला काढायला लागली. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी भिंगातून बघून सांगितलं, "अरे, या शिवराया. हे बघ, 'श्री राजा शिव'. मागे 'छत्रपति' असणार." एका नाण्यावर अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा होत्या. ती दुदांडी शिवराई, पेशवाईत चाललेली. चिमाजीअप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला घेतला, त्याआधी दोनशे वर्षं इथे पोर्तुगीज. त्यांची वसईत टांकसाळ होती. बझारुक नावाची त्यांची हलकी नाणी बाजारात फिरायची. किल्ला पडला तशी बाजारातली नाणी बदलली. कुणा वाडीवाल्याच्या कनवटीतून पडलेले ते चार पैसे आमच्या मातीत राहिले. गुरुजी म्हणाले, "याची किंमत फार नाही, पण जपून ठेव." बाजारात आजही शिवराई महाग नाही. महाराष्ट्रात नांगर लागेल तिथे ती निघते.

तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागला. शाळा दहावीपर्यंत झाली, इंग्रजी वाचताना अजून दम लागतो, पण मराठीत जे मिळालं ते वाचलं आणि ज्यांना कळतं त्यांना विचारत गेलो.

सोपाऱ्याचं तर सगळ्यांना ठाऊक असायला हवं. नालासोपारा म्हटलं की आज लोकलची गर्दी आठवते, पण हे शूर्पारक. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांत कल्याणबरोबर याचं नाव आहे. सम्राट अशोकाने इथे दगडावर आज्ञा कोरून घेतल्या. त्यातल्या आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या भाटेला तळ्याजवळ मिळाला आणि नवव्या आज्ञेचा १९५६ मध्ये आमच्या भुईगावात. भुईगाव ते सोपारा मी सायकलवर भाजी घेऊन किती वेळा गेलो असेन.

सोपाऱ्याला एक टेकाड होतं, त्याला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. १८८२ च्या उन्हाळ्यात तिथे पंडित भगवानलाल इंद्रजी आले. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. जुनागढचा, जन्म १८३९ चा. कॉलेजात गेलेला नाही, इंग्रजी बेताचं. गिरनारच्या खडकावरचे लेख वाचता वाचता जुन्या लिप्या शिकला आणि डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्याला मुंबईला आणलं. मोठमोठे साहेब ज्याच्या वाचनावर विसंबून राहत, तो हा माणूस. त्याने टेकाड मधोमध खणलं. तो कोट नव्हता, विटांचा बौद्ध स्तूप होता. पोटात दगडाची गोल पेटी. पेटीत तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती. करंड्यात चांदीचा करंडा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. सोन्याची फुलं पुष्कळ. आणि अगदी आतल्या सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याचे तेरा चिमुकले तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी ते पाच डब्यांत जपून ठेवले होते. हे सगळं आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

लोकांना हे सांगितलं की ते विचारतात, सोनं किती तोळे? मला त्यातली दुसरीच वस्तू महत्त्वाची वाटते. तांब्याच्या करंड्यात एक चांदीचं नाणं होतं, न झिजलेलं. त्यावर राजाचा चेहरा आणि नाव, गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी. हा सातवाहन राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडचा. सोन्याच्या फुलावर साल नसतं, पण नाण्यावरच्या राजाचा काळ काढता येतो. नाणं आत ठेवलं गेलं, म्हणजे करंडा त्या राजाच्या आधी बंद झालेला असू शकत नाही. आणि नाणं झिजलेलं नाही, म्हणजे ते फार हातांतून फिरलेलं नाही, पाडल्यावर लवकरच आत गेलं. विहीर उपसताना तळाच्या गाळात प्लास्टिकची पिशवी सापडली, तर तो गाळ आजोबांच्या काळातला नाही हे जसं कुणीही सांगेल, तसंच हे. सबंध स्तूपाच्या त्या ठेव्याला काळ मिळाला तो दोन ग्रॅमच्या एका नाण्यामुळे. ते कुणी आधी उकरून सोनाराला दिलं असतं, तर चांदीचे किती आले असते?

पण सोपाऱ्याचा करंडा म्हणजे हंडा नव्हे. तो देवापुढे ठेवला होता, परत काढायचा म्हणून नव्हे. खरा हंडा पाहायचा तर नाशिककडे जायला हवं. सिन्नर तालुक्यात गोदावरीकाठी जोगलटेंभी गाव आहे. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. मोजलेली नाणी १३,२५० च्या आसपास. एकेक दोन ग्रॅमचं धरलं तरी पंचवीस किलोच्या वर चांदी होते. एका माणसाने पाठीवर मारून पळावं असं ओझं नव्हे ते.

ही सगळी नाणी नहपान या क्षहरात क्षत्रपाची. एका बाजूला राजाचं तोंड आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरं. एका नाण्यावर तीन लिप्या. आमच्या एसटीच्या पाटीवरसुद्धा दोनच असतात. पण गंमत पुढे आहे. यातल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर दुसराच शिक्का वरून ठोकलेला होता. त्यावर डोंगराची खूण आणि नाव गौतमीपुत्र सातकर्णीचं. म्हणजे गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं, त्याची चांदी गोळा केली आणि तोंडावरच आपला छाप मारून परत बाजारात सोडली. गौतमीपुत्राच्या आईने, बलश्रीने, नाशिकच्या लेण्यात लेख कोरवलाय. त्यात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निखालस संपवला असं म्हटलंय. राजाच्या आईने पोराचं कौतुक करायचंच. पण जोगलटेंभीच्या हंड्याने त्या कौतुकाला नऊ हजार साक्षीदार दिले.

आणि उरलेली चार हजार? त्यांच्यावर नवा छाप नाही. जुनी आणि छापलेली अशी दोन्ही नाणी एकाच साठ्यात. मला २०१६ चा नोव्हेंबर आठवतो. एका रात्रीत पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि आमच्या शेजारच्या म्हातारीने तांदळाच्या डब्यातून, उशीच्या अभ्र्यातून नोटा काढल्या. काही तिला मुदत संपल्यावर सापडल्या. गौतमीपुत्राच्या चांदीचं तसं नव्हतं. छाप असो नसो, वजन तेच, चांदी तीच. हंडा पुरणाऱ्याने दोन्ही ठेवली, कारण त्याच्या लेखी दोन्ही धनच होतं.

हे साठे वाचायची एक रीत आहे. साठ्यातलं सगळ्यात नवं नाणं कोणतं ते बघायचं. हंडा त्यानंतरच पुरलेला असतो. जोगलटेंभीला नवा छाप गौतमीपुत्राचा, म्हणून नहपान पडल्यानंतरची ही गोष्ट. यासाठी साठा सबंध हाती लागावा लागतो. त्यातली शंभर नाणी कुणी आधीच घेतली आणि नेमकी त्यातच सगळ्यात नवी असली, तर हिशेब चुकला.

दुसरं उदाहरण विदर्भातलं. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सुमारे सोळाशे सातवाहन नाणी निघाली. चांदीची नाहीत, मिश्रधातूची, मोडीच्या भावाची. पण महामहोपाध्याय मिराशींनी ती वाचली आणि त्यांत असे सातवाहन राजे निघाले ज्यांची नावं पुराणांच्या यादीत नाहीत. सोळाशे कळकट तुकड्यांतून राजेच्या राजे सापडले.

नहपानाचं नाव घेतलं की मला त्याचा जावई उषवदात आठवतो, कारण तो आमच्या भागात येऊन गेलेला माणूस आहे. नाशिकच्या लेण्यातल्या त्याच्या लेखात सोपाऱ्याचं नाव आहे, तिथलं रामतीर्थ आहे आणि ज्या नद्यांवर त्याने फुकट होड्या ठेवल्या त्यांत डहाणूचीही नदी आहे. आज पालघर जिल्ह्यात रेल्वेच्या फाटकावर ताटकळताना मला त्या फुकट होड्या आठवतात. याच लेखात त्याने नानंगोल गावातली बत्तीस हजार नारळाची झाडं दान दिल्याचं लिहिलंय. अभ्यासक म्हणतात, नानंगोल म्हणजे उंबरगावजवळचं नारगोल. मी वाडीवाला, मला लगेच हिशेब सुचला. पंचवीस फुटांवर माड लावला तर एकरात सत्तर बसतात. म्हणजे साडेचारशे एकरांवर नुसते माड. हा किनारा तेव्हाही माडांचाच होता तर.

त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखात पैशाचेही हिशेब आहेत. पस्तीस कार्षापण म्हणजे एक सुवर्ण, हा चांदी-सोन्याचा तेव्हाचा भाव त्यात दिलाय. दोन हजार कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायची नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं वगैरे. म्हणजे ठेव ठेवायला पतपेढी होती, व्याजाचा दर होता, लेखी नोंद होती. मग त्याच काळात, त्याच नाशिकच्या आसपास, पंचवीस किलो चांदी कुणी जमिनीत का घातली? लढाई. श्रेणीचे विणकरच पळाले तर व्याज कुणाकडे मागणार? जमीन पळत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत लोक हेच करत आले. चुलीमागे, गोठ्याच्या उंबऱ्याखाली, तुळशीच्या कट्ट्यात गाडगं पुरून ठेवायचं.

ज्याने पुरलं त्याने ते परत काढलं तर आपल्याला हंडा मिळत नाही. आपल्याला मिळतो तो परत न आलेल्या माणसाचा. जोगलटेंभीचा मालक परतला नाही. मेला, बंदी झाला की दूर देशी गेला, काही नोंद नाही. त्याच्या बायकोला जागा ठाऊक होती का? मला हंड्याच्या गोष्टी ऐकताना नागापेक्षा ही बाई जास्त दिसते. अंगणात उभी, कुठे खणावं ते न कळणारी.

आता कायद्याचं सांगतो, कारण गावात याबद्दल वाटेल ते बोललं जातं. "सरकारला कळलं की सगळं जप्त होतं" ही समजूत घरोघरी आहे. हा कायदा १८७८ चा, इंग्रजांनी केलेला आणि अजून चालू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं. काय सापडलं, साधारण किंमत काय, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडलं. मग जाहीर नोटीस निघते, कुणाचा दावा आहे का ते बघतात. शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलेलं निघालं, तर मालकी कोर्टात ठरते. मालक नसलेलं ठरलं, तर सापडणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटा आहे. दोघांत काही ठरलेलं नसेल, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनवाल्याला एक. सरकारला ते हवं असेल, तर धातूची किंमत आणि वर एक पंचमांश देऊन सरकार घेऊ शकतं. लपवलं तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. म्हणजे कायदा म्हणतो तितका वाईट नाही. त्यात खोट एवढीच की किंमत धातूची धरली आहे, इतिहासाची नाही. सापडणाऱ्याला वाटतं, सोनार गुपचूप जास्त देईल, आणि बऱ्याचदा तो देतोही.

इंग्लंडातली गोष्ट ऐका. १९९२ मध्ये हॉक्सन गावातल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचा मित्र धातू शोधायचं यंत्र घेऊन हातोडा शोधायला गेला आणि त्याला रोमन काळातला खजिना लागला. त्याने थोडं वर काढलं आणि हात थांबवला, अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले आणि सबंध साठा जागच्या जागी व्यवस्थित काढला. नाणी पंधरा हजारांच्या जवळपास. बक्षीस मिळालं साडेसतरा लाख पौंड, ते त्याने शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला, तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथे बाजारभावाने बक्षीस मिळतं, म्हणून माणूस कळवतो. आपल्याकडे हे बदललं तर कितीतरी हंडे वाचतील असं माझं मत आहे.

नाहीतर काय होतं ते मी जवळून पाहिलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या पाड्यावर इमारतीचा पाया खणत होते. जेसीबीच्या दात्यात मडकं फुटलं. कामगारांनी मूठ-मूठ वाटून घेतलं, मुकादमाने मोठी मूठ घेतली, संध्याकाळपर्यंत सगळे पांगले. उरलेली माती डंपरने भरावाला गेली. मला त्यातली तीन नाणी एका पोराच्या हातात दिसली, बारीक, काळी, जाड. त्याने चिंच आणि राख लावून एक घासलं होतं आणि त्याच्यावर होतं नव्हतं ते अक्षर गेलं होतं. जुनं नाणं कधी घासू नये, त्यावरचं काळं किटण म्हणजे त्याची कातडी आहे. मी म्हटलं, "बाळा, दोन दिवस ठेव, मी कुणाला तरी विचारतो." त्याने मान डोलावली. दोन दिवसांनी तो दुसऱ्या साईटवर गेला होता. त्या मडक्यात कुठल्या राजाची नाणी होती, ती आता कुणाला कळणार नाहीत. शिलाहारांच्या काळातली असतील, सुलतानांची असतील. तेवढी तीन नुसती नजरेखालून गेली.

मांत्रिकांचा वेगळाच धंदा. गुप्तधन काढून देतो म्हणून घरात खड्डा खणायला लावायचा, कोंबडं, बकरं आणि पुढे त्याहून भयंकर. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्यं करणं, नरबळी देणं हे त्यात गुन्हा म्हणून नोंदलेलं आहे. ज्याला खरंच नाण्यांची आवड आहे त्याने मांत्रिकाकडे न जाता नाशिकजवळ अंजनेरीला जावं. तिथे १९८० मध्ये नाणेशास्त्राची संशोधन संस्था सुरू झाली, नाण्यांचं संग्रहालयही आहे. मी गेलो होतो. जोगलटेंभीसारख्या साठ्यांमुळे काय काय कळलं, ते तिथे समजून घेता येतं. भिंगाखाली नहपानाचं नाक बघून परत येताना एसटीत माझ्या डोळ्यांसमोर तेच नाक होतं.

यंदा दिवाळीनंतर पुतण्याच्या वाट्याच्या वाडीत पाया निघणार आहे. राजेळी केळीचं शेवटचं पीक उतरलं, माड तोडायला दिले. बावखल बुजवू नका म्हणून मी बोललो, त्याचं काय होईल ते होईल. ठेकेदाराला मात्र मी पुतण्यादेखत सांगून ठेवलंय, मडक्याचा आवाज आला किंवा विटांची जुनी रांग लागली तर मशीन बंद कर, हात लावू नको, मला फोन कर, मी तलाठ्याला घेऊन येतो. तो हसला. म्हणाला, "काका, हंडा निघाला तर तुम्हाला फोन करणार का कुणी?"

मी त्याला तीन हिस्से आणि एक हिस्सा समजावून सांगितला. मशीन चालवणाऱ्या पोरालाही बाजूला घेऊन सांगितला. तो मन लावून ऐकत होता. "म्हणजे तीन हिस्से माझे?" एवढंच त्याने दोनदा विचारलं.